ढवळण्याचा खर्च शून्य

भाऊजींनी पोहण्याचा तलाव भाड्याने घेतला तेव्हा त्यात पाणी नव्हतं. पाच वर्षांचा पालापाचोळा होता आणि एक प्लास्टिकची खुर्ची होती. खुर्ची खोल टोकाला, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती, म्हणजे आधी कुणीतरी तिथे बसून भरपूर विचार केला असावा. भाऊजीही बसले. थोड्या वेळाने उठले आणि म्हणाले, "मेहुणे, इथे डिझेल पिकेल."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि ताईच्या घरी तात्पुरता राहतो. या तात्पुरतेपणाचं आता तिसरं वर्ष चालू आहे. त्यामुळे ज्यांच्या घरी आपण जेवतो त्यांनी डिझेल पिकवायचं म्हटलं की हसायचं नसतं, एवढं व्यवहारज्ञान माझ्याकडे आहे. मी म्हणालो, "का नाही पिकणार!"

कल्पना तशी साधी. डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ असतं. पाण्यात वाढतं, ऊन खातं, हवेतला धूर खातं आणि बदल्यात पोटात तेल साठवतं. ते पाण्यातून काढायचं, वाळवायचं, तेल पिळायचं आणि त्या तेलावर थोडी रसायनं घातली की डिझेल. भाऊजी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. सगळे शिक्षक पुस्तकाच्या या पानावर येतात आणि पुढच्या पानावर जातात. भाऊजी या पानावर आले आणि तिथेच राहिले.

त्यांनी वर्षभराची बिनपगारी रजा घेतली. ताई विमा कंपनीत दाव्यांची छाननी करते. दिवसभर माणसं येऊन तिला सांगतात की गाडी आपोआप झाडावर गेली. त्यामुळे घरी आल्यावर तिला विश्वास ठेवायची ताकद उरत नाही. तरी तिने भाऊजींना अडवलं नाही. फक्त एक अट घातली. वर्ष संपायच्या आत बाहेरच्या कुणीतरी जाणकाराने 'हे परवडतं' असं लिहून द्यायचं. दिलं तर भाऊजींनी खुशाल राजीनामा द्यावा, ती दोघांचं आणि माझं, म्हणजे तिघांचं, भागवेल. नाही दिलं तर रजा संपेल त्या सोमवारी मुकाट्याने कॉलेजात हजर व्हायचं.

"अहो, कबूल आहे ना?" तिने विचारलं होतं. ताई एरवी त्यांना 'अरे' म्हणते. 'अहो' म्हटलं की घरातली भांडीसुद्धा आवाज करायची थांबतात.

भाऊजी कबूल झाले. आणि तो बाहेरचा जाणकार यायच्या आधी परवडण्याचा हिशेब मांडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी वाणिज्यचा होतो आणि दुपारी मोकळा असायचो. सकाळी आणि संध्याकाळीही मोकळा असायचो, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.

आता जलतरण मंडळाच्या वकिलाने करून दिलेल्या भाडेकरारात एक कलम होतं. जलतरण मंडळ बुडालं होतं, पण त्याचे आजीव सभासद बुडाले नव्हते. तरुणपणी एकरकमी पैसे भरून त्यांनी मरेपर्यंत पोहण्याचा हक्क विकत घेतला होता. कलमात लिहिलं होतं की तलावात पोहण्याइतकं पाणी असेल तोवर हा हक्क अबाधित राहील. भाऊजींनी ते कलम वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, समजूनही घेतलं होतं. "हिरव्या पाण्यात कोण येतंय पोहायला," असं म्हणून त्यांनी सही केली.

खरं तर शेवाळाला गुडघाभर पाणी पुरतं. त्याहून खोल ऊन पोचत नाही. गुडघाभर भरलं असतं तर कलम आपोआप गळून पडलं असतं, कारण गुडघाभर पाण्यात माणूस फार तर पाय धुतो. पण गुडघाभर पाण्यात तलाव केविलवाणा दिसायला लागला, म्हणून भाऊजींनी तो छातीभर भरला.

पाणी हिरवं झालं त्याच आठवड्यात, सकाळी सात वाजता, सेक्रेटरी आले. मंडळ बुडून पाच वर्षं झाली तरी ते सेक्रेटरीच होते. राजीनामा द्यायचा तर तो स्वीकारायला मंडळ नव्हतं. गळ्यात टॉवेल, डोक्याला रबरी टोपी. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग भाऊजींकडे पाहिलं.

"क्लोरीन घालता का?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "घातलं तर शेवाळ मरेल. म्हणून तर सांगतो, या पाण्यात तुम्ही..."

"उत्तम. क्लोरीनने माझे डोळे चुरचुरतात," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी उडी मारली.

दुसऱ्या दिवशी ते पंधरा-वीस जणांना घेऊन आले. त्यात बॅकस्ट्रोक काकू होत्या. त्या फक्त उताण्या पोहायच्या आणि पोहताना सुनेबद्दल बोलायच्या. कानात पाणी असल्यामुळे त्यांना उत्तरं ऐकू येत नसत, आणि त्यामुळे त्या फार सुखी होत्या. बटरफ्लायवाले आजोबा होते. त्यांच्या चौथ्या लेनमध्ये पाणी असं उसळायचं की शेजारच्या लेनवाले आपोआप पुढे सरकायचे. सगळे सत्तरीच्या आसपासचे. बाहेर आले की हिरवे दिसायचे. घरी जाऊन अंघोळ करायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

भाऊजींनी आठवडाभर डोकं धरलं. मग एका सकाळी काठावर उभं असताना ते माझा दंड पकडून म्हणाले, "मेहुणे, हे लोक ढवळतायत."

त्याचं असं आहे, की शेवाळ सतत हलतं ठेवावं लागतं. नाही तर वरचं ऊन खातं, खालचं उपाशी मरतं आणि तळाला जाऊन कुजतं. त्यासाठी पाण्यात मोठं चाक फिरवावं लागतं, चाकाला मोटर लागते, मोटरला वीज लागते, आणि जगभरातल्या शेवाळवाल्यांचे हिशेब इथेच आडवे होतात. आमच्याकडे चाक नव्हतं. आमच्याकडे आजीव सभासद होते. ते सकाळी सातला सुरू व्हायचे आणि दहाला बंद व्हायचे. काहीजण संध्याकाळीही यायचे. वीज लागत नव्हती, तेलपाणी लागत नव्हतं, आणि बिघडले तर दुरुस्तीचा खर्च त्यांच्या मुलांकडे.

मी हिशेबात लिहिलं: ढवळण्याचा खर्च शून्य.

पुढे आणखी एक गोष्ट लक्षात आली. शेवाळाला खत म्हणून नत्र लागतं. आम्ही खताची पोती आणून ठेवली होती, पण ती घालायच्या आधीच पाण्यात नत्र भरपूर निघायला लागलं. ते कुठून येतं हे आम्ही सभासदांना विचारलं नाही. खत शून्य, असंही मी लिहिलं.

उरलं काढणं. त्यानेच आमच्या नाकी नऊ आणले. हजार लिटर हिरवं पाणी उपसलं की त्यात अर्धा किलो शेवाळ, आणि त्या अर्ध्या किलोत शंभरेक ग्रॅम तेल. म्हणजे एक वाटी तेलासाठी टँकरभर पाणी इकडून तिकडे. मोठ्या कारखान्यांत यासाठी गरगर फिरणारी यंत्रं असतात. आमच्याकडे ताईचं वॉशिंग मशीन होतं. पिंपात पाणी भरायचं, तुरटी फिरवून चिखल खाली बसवायचा, तो चादरीत बांधायचा आणि मशीनच्या ड्रायरमध्ये पिळायचा. मग पोपडे तलावाच्या फरशीवर वाळवायचे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून उसन्या आणलेल्या काचेच्या भांड्यांत तेल निघायचं, आणि वर्षभरात जे डिझेल झालं ते सॉसच्या एका बाटलीत मावलं. ती आमच्या फ्रीजमध्ये होती. भाऊजींनी तिच्यावर 'पिऊ नये' अशी चिठ्ठी लावली होती. ताईने खाली लिहिलं होतं, 'आणि विकूही नये'.

ताईचे कामाचे कुर्ते हळूहळू हिरवे होत गेले. ऑफिसात तिला कुणीतरी विचारलं, हा रंग कुठे मिळतो. ती म्हणाली, नवऱ्याकडे.

"प्रति लिटर किती पडतंय आत्तापर्यंत?" ती मला रोज जेवताना विचारायची.

"पंपावरच्या डिझेलच्या अकरा पट. सगळा तलाव उपसला असं धरून."

"तुझ्या भाऊजींनी गेल्या महिन्यात नऊ पट सांगितलं होतं."

"तेव्हा मी माझी मेहनत शून्य धरली होती."

"मग आता का वाढली?"

"आता भाऊजींचीही धरली."

"स्वतःची शून्यच धर हो, तिथे तुझं काही चुकलं नव्हतं," ताई म्हणाली. मग भाऊजींकडे वळली. "आणि त्या म्हाताऱ्यांचा नाश्ता धरलास का रे?"

"त्यांचा नाश्ता कशाला धरायचा? तो ते घरी करतात."

"पण ढवळतात त्याच्याच जोरावर ना? कुणीतरी सकाळी उठून त्यांना खायला घालतंय. ते डिझेलच आहे. फक्त बिल दुसऱ्याच्या घरी जातंय."

भाऊजी म्हणाले की हा संशोधनाच्या चौकटीबाहेरचा मुद्दा आहे. ताई म्हणाली, "बरं. आणि उद्या ते मेले तर?"

"ताई!" मी म्हणालो.

"अरे, मी रोज हेच बघते. सत्तरीच्या माणसांना आम्ही पॉलिसी देत नाही, आणि हा त्यांच्यावर कारखाना उभारतोय."

भाऊजी ताट घेऊन उठले. त्यांना राग आला की ते स्वतःचं ताट स्वतः घासतात. ताई त्यांना मुद्दाम चिडवते असं माझं जुनं मत आहे.

हिवाळ्यात बटरफ्लायवाले आजोबा गेले. आम्ही त्यांच्या घरी भेटायला गेलो. परतताना भाऊजी तलावावर थांबले आणि काठावर बसले. चौथ्या लेनमध्ये पाणी वर स्वच्छ दिसत होतं आणि खाली काळपट थर बसला होता. "फार ताकदीचा माणूस होता," ते म्हणाले. मग लगेच म्हणाले, "मी हे यंत्राबद्दल नाही बोललो, मेहुणे." मी म्हणालो, मला कळलं. त्या महिन्यात मी बारा पट लिहिलं.

रजेचा शेवटचा आठवडा आला आणि बाहेरचा जाणकारही आला. पर्यावरणाच्या कामांना पैसे देणारा एक निधी होता. त्याचे एक साहेब तपासणीला येणार होते. त्यांनी शेरा दिला की झालं. साहेबांना जबरदस्त सर्दी झाली होती. तलावाच्या दारात उभं राहून त्यांनी रुमाल नाकाला लावला, आत श्वास घ्यायचा प्रयत्न केला, आणि हातातल्या कागदावर लिहिलं, 'परिसरात दुर्गंधी नाही'. रस्त्यावरची कुत्रीसुद्धा आमच्या भिंतीपासून लांबून जात. माझ्या मनात आशा पालवली.

ताईने अर्धा दिवस रजा टाकली होती. ती दरवाज्याजवळच्या बाकावर हाताची घडी घालून बसली. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो पूर्वी पांढरा होता.

मी हिशेब वाचून दाखवायला घेतला. सकाळचेच नऊ वाजले होते, त्यामुळे यंत्रं चालू होती. बॅकस्ट्रोक काकू सुनेने फ्रीज कसा रिकामा केला ते सांगत समोरून गेल्या.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"ढवळणारे," मी म्हणालो. "आजीव सभासद. यांना पगार नाही."

"वीज?"

"लागत नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावून पाण्याकडे पाहिलं. "म्हणजे ही पूर्णपणे हरित ऊर्जा आहे," ते म्हणाले. "ज्येष्ठ नागरिकांचा सहभागही आला. आमच्याकडे त्याचा वेगळा रकाना असतो, तो कुणीच भरत नाही." त्यांनी तो भरला.

"पण सध्या एका लिटरला बारा पट खर्च येतो," मी म्हणालो. खोटं बोलायचं नाही असं काही मी ठरवलं नव्हतं. तो आकडा पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात होता.

"सध्या," साहेब म्हणाले. "एकच तलाव आहे म्हणून. हजार तलाव धरा. खर्च वाटला जातो. उरलेली पेंड गुरांना विका. धूर शोषल्याबद्दल वेगळे पैसे मिळतात तेही धरा. काढण्याचं तंत्र दहा वर्षांत स्वस्त होईल, ते आजच धरा." ते माझ्याच पेनने माझ्याच आकड्यांवर काट मारत गेले. बाराचे आठ झाले, आठाचे तीन, आणि एक जोरदार शिंक देऊन त्यांनी तिनाचा एक केला. "बघा. परवडतं. आमचं आर्थिक वर्ष संपतंय, निधी पडून आहे, परत गेला तर पुढच्या वर्षी कमी मिळतो. मी 'परवडतं' असा शेरा देतो."

मी ताईकडे पाहिलं. ती बाकावरून उठली नव्हती, पण तिच्या हाताची घडी सुटली होती. भाऊजींकडे पाहिलं. वर्षभर हा माणूस हे एक वाक्य ऐकायला आसुसलेला होता. आता ते कानावर पडलं होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर, विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत पाण्याचं सूत्र चुकवल्यावर येतं तसं काहीतरी आलं होतं.

"कसं परवडतं?" भाऊजी म्हणाले.

"म्हणजे?"

"हजार तलाव म्हणालात. ढवळणार कोण?"

"आजीव सभासद. शून्य खर्च. तुमच्याच हिशेबात आहे."

"हजार तलावांना वीस हजार आजीव सभासद लागतील. आणणार कुठून?"

"भरती करू."

"आजीव सभासदाची भरती करता येत नाही, साहेब. त्याने आधी तरुणपणी पैसे भरावे लागतात आणि मग म्हातारं व्हावं लागतं."

"त्याला किती वेळ लागतो?"

"चाळीस वर्षं."

"मग टप्प्याटप्प्याने करू," साहेब म्हणाले आणि त्यांनी 'टप्प्याटप्प्याने' असं लिहिलंसुद्धा.

"आणि त्यांचा नाश्ता?" भाऊजींचा आवाज चढला. "तो धरलात का? कुणीतरी सकाळी उठून त्यांना खायला घालतंय. तेही डिझेलच आहे, फक्त बिल दुसऱ्याच्या घरी जातंय! आणि उद्या ते मेले तर? चौथी लेन बघा. जा, वाकून बघा. तिथे एक माणूस होता, तो गेला आणि पाणी बसलं. त्याला सुटा भाग मिळत नाही."

सेक्रेटरी पोहता पोहता काठाला येऊन थांबले होते. "आमच्याबद्दल चाललंय का?"

"तुम्ही ढवळा हो," मी म्हणालो.

"गंमत बघा," साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "मी इतके प्रकल्प पाहिले, पण आपल्याच प्रकल्पाच्या मुळावर उठलेला प्रवर्तक पहिल्यांदा पाहतोय."

तेवढ्यात ताई आली. मला वाटलं ती भाऊजींच्या पाठीवर हात ठेवेल. ती साहेबांसमोर उभी राहिली. "एक मिनिट. हे दमलेत म्हणून असं बोलतायत. वर्षभर यांनी इथे मर मर केलीय. तुम्ही द्या शेरा. नाश्त्याचं काय ते आम्ही बघू."

"तू मध्ये पडू नकोस," भाऊजी म्हणाले.

"का नाही पडू? मशीन माझं गेलंय."

"अगं, पण हे खोटं आहे! तूच सांगत होतीस की."

"मी सांगणं वेगळं. तू मान्य करणं वेगळं," ताई म्हणाली. "आणि अहो, ओरडू नका. लोक पोहतायत."

त्या 'अहो'ने तलाव शांत झाला. बॅकस्ट्रोक काकूसुद्धा थांबल्या, पण त्यांच्या कानात पाणी असल्यामुळे तो योगायोग असावा.

भाऊजींनी साहेबांच्या हातातून माझं पेन घेतलं, साहेबांच्या एकावर काट मारली आणि बारा लिहिलं. मग थोडा विचार करून, ढवळण्याच्या शून्यावर काट मारून तिथे काही आकडा लिहायला गेले, पण त्यांना तो लिहिता येईना. पेन तसंच कागदावर टेकवून ते उभे राहिले. शाईचा मोठा ठिपका पडला. साहेबांनी तो कागद हलकेच ओढून घेतला, बॅगेत ठेवला आणि जाताना म्हणाले की असा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे आणि त्यासाठी त्यांच्याकडे रकाना नाही.

दोन दिवसांनी निधीचा उलट निरोप आला: सध्या परवडत नाही, दहा वर्षांनी पुन्हा अर्ज करावा. या धंद्यात हे सगळ्यांना सांगतात, असं भाऊजी म्हणाले. गेली चाळीस वर्षं दहाच वर्षं बाकी आहेत.

तलाव मंडळाला परत करायचा तर मंडळ नव्हतं, म्हणून सेक्रेटरींनी तो स्वतःच ताब्यात घेतला. पाणी बदलायला त्यांनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, या पाण्याने गुडघे हलके होतात. नात्यागोत्यातल्या आणखी म्हाताऱ्यांना घेऊन ते येऊ लागले आणि फी लावली. मी उत्सुकतेपोटी हिशेब मांडला. परवडत होतं. डिझेल काढायचं नाही एवढी एकच अट होती. भाऊजींना मी ते सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी भाऊजींनी नवा शर्ट घातला. ताईने आणला होता, आणि कुठल्याही मशीनच्या जवळपास तो जाऊ दिला नव्हता. तिने डबा भरून दिला. दारात ते चपला घालत असताना ती भिंतीला टेकून उभी होती. वर्षभर जे व्हावं म्हणून ती भांडली ते समोर घडत होतं, आणि तिचा चेहरा दावा नामंजूर झालेल्या माणसासारखा झाला होता.

"हवं तर प्राचार्यांशी बोलून बघ," ती म्हणाली. "आणखी सहा महिने देतील. मी बघेन घरचं. खरंच."

भाऊजींनी चपलेचा पट्टा लावला. उभे राहिले. तिच्या कपाळावरची बट मागे सारून म्हणाले, "नाही गं. परवडणार नाही."

ते जिना उतरून गेले. खालचं फाटक वाजेपर्यंत ताई दारातच होती. मग तिने दार लावलं, मला चहाचा कप हातात घेऊन बसलेलं पाहिलं, आणि विचारलं की मी कधीपासून नोकरी शोधणार आहे.